पोटगीच्या तारखेनंतर हरवलेली मुलगी

ती मुलगी हरवली आणि सापडली, त्या दोन दिवसांची आठवण मला अजूनही येते. बहुतेक दुपारी येते. जेवण झालेले असते, एक ताट आणि एक पातेले घासून पालथे घातलेले असते, आणि घरात पंख्याखेरीज कशाचा आवाज नसतो. नोकरीत असताना या प्रकरणाबद्दल मी कोणाजवळ फारसे बोललो नाही. खात्याच्या दृष्टीने ते मोठे प्रकरण नव्हतेच. कोणाला बेड्या पडल्या नाहीत, वर्तमानपत्रात चार ओळींच्या वर काही छापून आले नाही. यात मी कोणाचेही नाव घेणार नाही. मुलगी आता मोठी झाली असेल आणि तिला तिचे आयुष्य आहे.

त्या वेळी मी नेरला ठाणेदार होतो. पत्नीला जाऊन वर्ष होत आले होते. मुलगा नोकरीनिमित्त परराज्यात. क्वार्टर ठाण्याच्या मागेच होते, पण मी फक्त जेवायला आणि झोपायला तिकडे जायचो. साहेब फार कडक आहेत, सारखे ठाण्यात बसून असतात, असे माझ्या कर्मचाऱ्यांना वाटायचे. क्वार्टरमध्ये जाऊन करायचे काय, हा माझ्यापुढचा प्रश्न होता. तो त्यांना कळण्याचे कारण नव्हते.

दिवाळी होऊन गेली होती. कापसाचा हंगाम भरात होता, बाजार समितीच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागलेली, आणि माझे निम्मे मनुष्यबळ त्या रांगेतली भांडणे सोडवण्यात अडकलेले. अशा एका सोमवारी, दिवेलागणीच्या सुमारास एक बाई आपल्या भावाबरोबर ठाण्यात आली. तिशीच्या आसपासची, सुती साडी नेसलेली. तिने एक शाळेचे दप्तर छातीशी घट्ट धरले होते. मुलगी शाळेतून घरी आलीच नाही, असे ती म्हणाली. मधल्या सुट्टीत वर्गातून बाहेर पडली ती परत वर्गात आली नव्हती. दप्तर बाकावर तसेच पडून होते.

मुलगी सहावीत होती. आईवडिलांचा घटस्फोट होऊन दोन-तीन वर्षे झाली होती. मूळ मंडळी बंजारा तांड्यावरची; मुलगी आईला याडी आणि बापाला बापू म्हणायची. घटस्फोटानंतर बाई नेरला भावाकडे राहायला आली होती. घरी ब्लाऊज शिवायची, हंगामात कापसाच्या जिनिंग कारखान्यात मजुरीला जायची. नवरा पुसदला मालवाहू गाडी चालवायचा. त्याने दुसरे लग्न केले होते आणि त्या बायकोपासून त्याला तान्हे मूल होते. बाईचा स्वतःचा दावा आधीच मिटला होता. राहिला होता तो मुलीच्या पोटगीचा. त्याची तारीख नुकतीच, शुक्रवारी झाली होती.

बाईचा भाऊ उभा राहूनच बोलत होता. "साहेब, बापानंच नेली तिले. दुसरा कोनी नाई. शुक्रवारी कोर्टाच्या आवारात सगळ्याइच्या समोर म्हनला, पोट्टीच माह्यापासी राह्यली तर मले कोनाले काही द्या लागनार नाही. वकील बी होते तिथं. विचारा त्याइले."

अल्पवयीन मूल हरवले की ते हरवले असे लिहून गप्प बसता येत नाही, अपहरणाचाच गुन्हा दाखल करावा लागतो. तसा दाखल केला. मुलीचा फोटो आणि वर्णन जिल्ह्यातल्या सगळ्या ठाण्यांना गेले. बसस्थानकावर माणसे पाठवली, गावाभोवतालच्या विहिरी पाहायला सांगितले. नातेवाइकांची नावे घेऊन एकेकाला फोन लावले. मावशी, आत्या, तांड्यावरचे आजी-आजोबा, कोणाकडेही ती गेली नव्हती. बापाचा फोन बंद होता.

विहिरी पाहायला सांगितल्या, हे मी बाईला कळू दिले नव्हते. पण ठाण्यात गोष्टी भिंतीतून झिरपतात. ती माझ्या टेबलासमोर येऊन एवढेच म्हणाली, "ते पान्याले लय भेते, साहेब. इहिरीजवळ जातच नाही ते." मी मान हलवली. 

सकाळी पहिली खबर आली. शाळेसमोरच्या रस्त्यावर एकाचे पंक्चरचे दुकान होते. मुस्लिम घरातला, मध्यमवयीन, बोलायला मोजका. त्याने आमच्या हवालदाराला सांगितले की, सोमवारी दुपारी एक मालवाहू गाडी बराच वेळ त्याच्या दुकानापुढे उभी होती. ड्रायव्हर खाली उतरला नव्हता. मधल्या सुट्टीत शाळेच्या गणवेशातली एक मुलगी गाडीजवळ आली, खिडकीपाशी उभी राहून बोलली. नंतर तो गिऱ्हाइकाच्या कामाला लागला, पुढचे त्याने पाहिले नाही. "वो आदमी पैले बी आया है साब," तो म्हणाला. "येते, गाडी उभी करते, शाळेकडे पाहत बसते, अन् चालला जाते. मले वाटलं, माल उतरवाले थांबत असन."

वर्णन बापाशी जुळत होते. मोबाईलच्या टॉवरनेही तेच दाखवले. सोमवारी दुपारी त्याचा फोन नेरमध्येच होता, त्यानंतर तो दारव्ह्याच्या बाजूला गेला आणि संध्याकाळी बंद झाला. पुसदहून आमच्या माणसांनी त्याला आणले तेव्हा मंगळवारचा अकरा-साडेअकराचा सुमार होता. त्याच्या घराची झडती झाली होती. मुलगी तिथे नव्हती, आणि त्याची दुसरी बायको दारात मूल घेऊन रडत होती, असे जमादार म्हणाला.

मी त्याला माझ्या खोलीत घेतले. दार लोटून घेतले आणि बाकीच्यांना बाहेर थांबायला सांगितले. उंचापुरा माणूस, हाताच्या रेषांत काळे तेल मुरलेले. काल कुठे होतास, विचारले. "दारव्ह्याले भाडं घेऊन गेलतो," म्हणाला. नेरला आला होतास का? "नाही." फोन का बंद? "बॅटरी उतरली होती."

इतक्या वर्षांत माझे एक निरीक्षण झाले आहे. खोटे बोलून काही मिळवू पाहणारा माणूस आधी आवाज चढवतो. लाजेने काही लपवणारा आवाज उतरवतो. या माणसाचा आवाज प्रत्येक उत्तराला खाली खाली जात होता. मारहाण करून काम होते असे मानणारे अधिकारी मी पाहिले आहेत. मी चहा मागवला. तो त्याने घेतला नाही. मग पंक्चरवाला काय म्हणाला आणि टॉवर काय म्हणतो, ते त्याला सरळ सांगितले, आणि पुढे म्हणालो, "तुझी पोरगी कालपासून कोणालाच दिसली नाही. तिच्या आईनं रात्रभर अन्न घेतलं नाही. तू तिला कुठे ठेवलं असशील तर ती जिवंत तरी आहे. ठेवलं नसशील तर तिला शोधायला माझ्याकडे वेळ फार थोडा आहे. काय ते एकदा सांग."

त्याने मान वर केली. मुलगी आईच्या भावाने कुठेतरी लपवली असेल आणि आपल्याला अडकवायला ही तक्रार दिली असेल, असे त्याला तोपर्यंत वाटत होते. माझ्या चेहऱ्याकडे पाहून त्याला ते तसे नाही हे कळले.

"म्हंजे ते खरंच घरी नाई का?" त्याने विचारले.

"नाही."

पुढे जे बोलला ते तुटक तुटक, मध्ये थांबत. तारखेला मुलगी दिसायची ती आईच्या पदराशी, वकिलांच्या गर्दीत. भेटीचा हक्क मागायला वेगळा अर्ज करावा लागतो, त्याला पुन्हा वकील आणि पुन्हा तारखा. म्हणून नेरकडचे भाडे मिळाले की तो शाळेसमोर गाडी उभी करून बसायचा. पुसदच्या घरी हे सांगितलेले नव्हते. मुलगी मैदानात खेळताना दिसायची, कधी दिसायची नाही. सोमवारी तिने गाडी ओळखली आणि ती स्वतः आली.

"काय बोलली?"

"काही नाई. जेवला का म्हने."

"आणखी?"

त्याने दोन्ही हात तोंडावर धरले. हाताआडून बोलला, "म्हने, बापू, मी तुमच्यापासी बी नाही राह्यली अन् याडीपासी बी नाही राह्यली, तं केस संपन का?"

"तू काय म्हणालास?"

"मी घाईत होतो, साहेब. माल द्याचा होता. शुक्रवारचं डोक्यातच होतं. मी म्हनलं, हव, संपन. मंग कायची केस राहते. खाऊले शंभराची नोट देल्ली अन् गाडी काढली. संध्याकाळी मामाचा फोन आला, शिव्या देऊन राह्यला होता, मी फोनच बंद केला. मी हव म्हनलं तिले, साहेब."

शुक्रवारी न्यायालयात नेमके काय झाले, ते मी आधी त्याच्याकडून आणि मग बाहेर बसलेल्या बाईकडून समजून घेतले. ते इथे थोडे सविस्तर सांगतो, कारण पोटगीचा आकडा कसा ठरतो याबद्दल लोकांच्या मनात बराच गोंधळ असतो.

पगाराचा अमुक हिस्सा म्हणजे पोटगी, असे पुष्कळांना वाटते. कायद्यात असा ठरलेला आकडा नाही. न्यायालय दोन्ही बाजूंकडून मिळकतीचे आणि खर्चाचे प्रतिज्ञापत्र घेते. बापाची कमाई किती, त्यातून टाळता न येणारे खर्च कोणते, त्याच्यावर अवलंबून आणखी कोण आहे, हे पाहते. हप्त्यावर हप्ते दाखवून कमाई शून्यावर आणली, तर ते मान्य होतेच असे नाही. हातीपायी धड माणूस मी काहीच कमवत नाही म्हणाला, तर तो किती कमवू शकतो याचा अंदाज धरला जातो. दुसरे लग्न केले म्हणून पहिल्या मुलाचा हक्क जात नाही, मात्र त्या संसाराचा भारही लक्षात घेतात. आई कमावती असेल तर तिचाही वाटा धरतात, पण तेवढ्याने बाप सुटत नाही. आणि या सगळ्याच्या मध्यभागी मुलाची गरज असते. खाणे, कपडे, शाळा, औषधपाणी, राहत्या घरातला वाटा. आईबाप एकत्र असते तर मूल ज्या रीतीने वाढले असते, साधारण तसे ते वाढावे, असा हेतू असतो. निकाल होईपर्यंत तात्पुरती रक्कम ठरवून देतात.

कागदावर हे रास्तच आहे. मी स्वतः कितीतरी पोटगीची वॉरंटे बजावली आहेत आणि ती बजावायलाच हवीत. पण त्या शुक्रवारी शाळेची दिवाळीची सुट्टी संपलेली नव्हती आणि घरी ठेवायला कोणी नव्हते, म्हणून बाईने मुलीला बरोबर नेले होते. मुलगी मागच्या बाकावर बसली होती. आईच्या बाजूने तिचा खर्च वाचला गेला. दूध, वह्या, गणवेश, सर्दीचे औषध, घरभाड्यातला वाटा. बापाच्या बाजूने एकेकावर आक्षेप घेतला गेला. एवढ्या वयाच्या मुलीला रोज एवढे दूध कशाला, गणवेश तर शाळेतून मिळतो, मामाच्या घरी राहते तर भाडे कसले. यात वकिलांची चूक म्हणता येणार नाही, त्यांचे ते काम आहे. पुढे बाहेर आवारात आईबापांचे भांडण झाले. बाप ते वाक्य बोलला, ज्यावरून मामाने त्याच्यावर संशय घेतला. आणि बाई रागाच्या भरात म्हणाली होती, "ने मंग. आताच ने. मले बी सुटल्यावानी होईन."

हे सांगताना बाईने माझ्याकडे पाहिले नाही. "तोंडातून निंगालं, साहेब. ते मांगंच उभी होती."

आता मुलगी कशा जागी शोधायची ते निदान कळले होते. तिला पळवून नेणारा कोणी नव्हता. आईकडेही नाही आणि बापाकडेही नाही, अशी जागा शोधत ती स्वतः निघाली होती. विहिरीची भीती माझ्या मनातून अजून गेली नव्हती, तरी मी आमच्या ठाण्यातल्या महिला शिपायाला बाईजवळ बसवले. या शिपायाला स्वतःची दोन लहान मुले होती आणि तिचे बोलणे फार मऊ होते. तिने बाईला विचारले, "ताई, घरापासून दूर राह्यते असं एखांदं लेकरू तिच्या पाहन्यात आहे का?"

बाईने आठवून सांगितले. तिच्या बहिणीची मुलगी पांढरकवड्याच्या बाजूला एका आश्रमशाळेत होती, तिथेच राहायची. दिवाळीला तांड्यावर दोघी मावसबहिणी सोबत होत्या. "दिवसभर तिलेच विचारे. जेवाले कोन देते, कपडे कोन देते, साबन-तेल कोन देते. ते म्हने, सरकार देते. मले वाटलं, असंच इचारून राह्यली."

नातेवाइकांना आम्ही फोन केले होते. पण तांड्यावरची मावशी घरी होती, तिची मुलगी दिवाळीची सुट्टी संपल्यामुळे सोमवारीच शाळेत परत गेली होती. तिच्याबद्दल कोणाला सुचले नव्हते.

शाळेचा फोन लागेना, त्या भागात रेंज धड नव्हती. पांढरकवड्याच्या ठाण्याला कळवले, आणि वाट पाहत बसण्यापेक्षा आम्ही निघालो. जीपमध्ये मी, महिला शिपाई आणि चालक. आईबापांना घेतले नाही. त्या दोघांना एका गाडीत बसवणे मला शक्य वाटले नाही, आणि एकाला घेऊन दुसऱ्याला मागे ठेवणे बरे दिसले नसते. यवतमाळ सोडून जोडमोह्याकडचा रस्ता लागला. दोन्ही अंगांनी कापूस फुटलेला, वेचणाऱ्या बायका ओळीने वाकलेल्या. 

अर्ध्या वाटेत पांढरकवड्याहून निरोप आला. आश्रमशाळेचा शिपाई त्यांच्या ठाण्यात येऊन पोचला होता. शाळेत एक जास्तीची मुलगी आहे, असे तिथल्या वसतिगृहाच्या अधीक्षिकेने सांगून पाठवले होते. चालकाने गाडी बाजूला घेतली आणि पाण्याची बाटली तोंडाला लावली. महिला शिपायाने डोळे पुसले. मी खाली उतरून थोडा वेळ रस्त्याच्या कडेला उभा राहिलो.

सोमवारी सुट्टीवरून परतणाऱ्या मुलींची गर्दी होती. मुलगी बसने यवतमाळला आणि तिथून दुसऱ्या बसने फाट्यापर्यंत आली होती. बसमधून उतरलेल्या मुलींच्या घोळक्याबरोबर ती चालत शाळेत पोचली. मावसबहिणीने अधीक्षिकेला सांगितले, "माही बहीन हाये, तिचं नाव टाकाचं हाये, मावशी उद्या कागदं घेऊन येते." अधीक्षिकेने रात्री तिला जेवू घातले, झोपायला जागा दिली. सकाळी चौकशी करताना मुलीची उत्तरे जुळेनात, तेव्हा तिने शिपाई पाठवला.

आम्ही गेलो तेव्हा दुपारची शाळा सुरू होती. मुलगी जेवणाच्या पडवीत एकटी बसली होती. वर्गात तिचे नाव नव्हते, म्हणून तिला वर्गात बसवले नव्हते. अंगावर आदल्या दिवशीचाच गणवेश. खाकी कपडे पाहून ती उठून उभी राहिली. पळाली नाही, रडली नाही.

मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो. गुडघे दुखायचे तेव्हाही, पण उभ्याने बोलण्यासारखे ते बोलणे नव्हते.

"तुझी आई वाट पाहते आहे," मी म्हणालो.

"मले इथंच राहू द्या. इथं कोनाले काही द्या लागत नाही."

"कोणी सांगितलं तुला?"

"ताईनं. जेवन फुकट, कपडे फुकट." मग तिने जरा विचार करून विचारले, "बापूले पकडलं का तुमी?"

"नाही. विचारायला बोलावलं होतं."

"त्याइनं काहीच नाही केलं. मीच आली." ती बोटाने फरशीवर रेघ ओढत होती. "शुक्रवारपासून मी दूध बंद केलं. याडीले म्हनलं, मले नाई आवडत. जुन्या वह्याचे कोरे पानं काढून शिवले. पन केस नाई हटली. मंग मी इचार केला, मीच हटतो."

महिला शिपाई तोंड फिरवून उभी राहिली. मला काहीतरी बोलणे भाग होते. मी म्हणालो, "हे बघ, कोर्टात जो हिशेब करतात तो तुझी किंमत नसते. तुला काय काय लागतं ते विचारतात. मग आईला किती झेपतं आणि बापूला किती झेपतं ते पाहतात. एकट्या आईवर सगळं पडू नये म्हणून. तुला दूध लागतं हे कोर्टाला मान्य आहे. ते तुला मिळावं म्हणूनच कोर्ट आहे."

तिने ते नीट ऐकून घेतले. मग म्हणाली, "मंग ते भांडतात कायले?"

"ते एकमेकांशी भांडतात, बेटा. तुझ्यावरून भांडतात असं दिसतं, पण भांडण त्यांचं आहे."

"मी नसती तं कशावरून भांडले असते?"

 मी उठलो आणि तिच्यापुढे हात केला. मी म्हणालो, "चल, आधी घरी जाऊ." ती आली. जाताना मावसबहिणीला वर्गाच्या खिडकीतून हात केला.

परतीच्या वाटेवर ती महिला शिपायाच्या मांडीवर झोपली. ठाण्यात पोचलो तेव्हा आईबाप बाहेरच्या दोन वेगवेगळ्या बाकांवर बसले होते. दोघेही एकदम उठले. मुलगी जीपमधून उतरली आणि दोघांच्या मध्ये, थोडी अलीकडेच थांबली. कोणाकडे आधी जायचे, याचा ती अंदाज घेत होती. आई पुढे येऊ लागली तसा बाप जागीच थांबला. मग तो पुढे यायला निघाला, तर आई थांबली.

मुलीने दोघांकडे पाहून विचारले, "केस संपली का?"

 बाप मटकन बाकावर बसला. आईने येऊन तिला जवळ घेतले, आणि मग असे काही झाले की ज्याची मला अपेक्षा नव्हती. बाईने मुलीला हाताला धरून त्या बाकापर्यंत नेले, बापाच्या शेजारी बसवले, आणि स्वतः मुलीच्या दुसऱ्या बाजूला बसली. तिघे बराच वेळ तसे बसून होते. ठाण्यातल्या कोणी त्यांना उठवले नाही.

पुढचे सोपस्कार नियमाप्रमाणे झाले. मुलीला यवतमाळला बालकल्याण समितीपुढे हजर केले, तिचा जबाब झाला, ताबा आईकडे दिला. गुन्हा घडलाच नव्हता, गैरसमजातून तक्रार झाली, असा अहवाल मी न्यायालयाला पाठवला. पोटगीच्या दाव्यात न्यायाधीशांनी मुलीला आपल्या दालनात बोलावून एकटीशी बोलून घेतले. काय बोलणे झाले ते मला माहीत नाही. पुढच्या तारखांना तिला आणू नये, असे त्यांनी बजावले. त्यानंतर बापाने कबूल केले की, गाडी भावाच्या नावावर असली तरी ती त्याचीच आहे. बाईनेही जिनिंगची मजुरी सांगितली, जी तिने प्रतिज्ञापत्रात दाखवली नव्हती. दोघांनीही थोडे थोडे दडवले होते. खरे आकडे पुढे आल्यावर रक्कम ठरायला एक-दोन तारखा पुरल्या. शाळा आणि औषधाचा खर्च निम्मा निम्मा, दर महिन्याची रक्कम वेगळी, आणि दर रविवारी बापाने नेरला येऊन मुलीला भेटायचे.

सगळे सुरळीत झाले, असे लिहून मला थांबता आले असते. बाप रविवारी यायचा, हे मी माझी बदली होईपर्यंत पाहिले. बसस्थानकाजवळच्या हॉटेलात दोघे समोरासमोर बसलेले असायचे. तो तिला काय काय मागवू म्हणून विचारायचा आणि ती भिंतीवरचा दरफलक वाचत राहायची. तिच्या आईची एकदा बाजारात गाठ पडली. मी मुलीची चौकशी केली. "चांगली हाये, साहेब," ती म्हणाली. "अभ्यास करते. पन काही मांगतच नाही. दुसरे लेकरं हट्ट करतात ना, तसा हट्ट एकदा तरी करावा वाटते."

निवृत्त झाल्यावर मी यवतमाळला घर केले. न्यायालयापासून फार लांब नाही. लोक पोलिसवाला म्हणून सल्ला विचारायला येतात, त्यात घटस्फोट झालेल्या बायका असतात, कधी पुरुषही. मी त्यांना प्रतिज्ञापत्रात खरे लिहा, मुलांचा खर्च फुगवू नका आणि लपवूही नका, असे सांगतो. आकडा कसा ठरतो तेही समजावून सांगतो. या प्रकरणाने मला शिकवलेली गोष्ट मात्र शेवटी सांगतो. मोठी माणसे मुलासाठी भांडत असली तरी मूल ते आपल्याविरुद्धचे भांडण म्हणूनच ऐकते. तारखेला मूल बरोबर आणू नका. ठेवायला कोणी नसेल तर माझ्या घरी ठेवून जा.

पहिल्यांदा हे बोललो तेव्हा कोणी मनावर घेईल असे वाटले नव्हते. पण मुले येतात. एखादी आई सकाळी दारात येते, मुलाच्या हातात बिस्किटाचा पुडा देते आणि घाईने न्यायालयाकडे जाते. मूल आधी दाराशीच उभे राहते. मग आत येते, फोटोतली बाई कोण म्हणून विचारते, पंख्याचे बटण दाबून पाहते. मी भाजी-पोळी जरा जास्तीची करून ठेवलेली असते. आम्ही जेवतो, पत्ते खेळतो. ते हरले तर रडते, जिंकले तर घरभर पळते. त्या दिवशी दुपार कशी सरते ते कळत नाही.

संध्याकाळी आई घ्यायला येते. दमलेली असते, आभार मानते, मुलाच्या पायात चपला घालते. आणि फाटक लावता लावता माझ्या तोंडून निघून जाते, "पुढची तारीख कधी आहे?"

विचारल्यावर मला स्वतःचाच राग येतो. त्यांच्या तारखा लवकर संपोत, असे मी म्हणायला हवे. ती दिवस सांगते, मी मान हलवतो, आणि ते दोघे रस्त्याच्या वळणाआड जाईपर्यंत फाटकाशी उभा राहतो.